नऊ दगडांची पाणंद

गणपतराव पडला त्या दिवशी मी गुळाचा अख्खा रवा, ढेप म्हणा की, फोडला आन रस्त्यानं जाईल त्येच्या हातावर खडा ठेवला. कागलची एसटी हात करून थांबवली, ड्रायव्हरला गूळ दिला. त्यो म्हणाला, "काय पावणं, नातू झाला काय?" म्हटलं, "न्हाय, एक म्हातारं पडलं." त्येला काय कळलं न्हाय. गूळ खाल्ला आन गेला.

व्हय, मी सूड घेतला. लपवायचं काय त्येत? कसा घेतला आन त्येचं पुढं काय झालं, तेवढं सांगतो.

माझं नाव प्रभुलिंग. कागलच्या खालतीकडं, कर्नाटकाच्या अंगाला आमचं गाव. मी गुळव्या हाय. तीस वर्सं झाली, कायलीतला उकळता रस बघून सांगतो, आता उतरा. चिमूटभर पाक गार पाण्यात सोडायचा, बोटानं गोळी करायची, ती कायलीच्या काठावर आपटायची. टण्ण वाजली की उतरायचं. जरा उशीर झाला तर गूळ काळा, जरा घाई केली तर गार करायच्या वाफ्यात बसतच न्हाय, नुसता चिखल. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं भाजून भाजून गुळगुळीत झाल्यात, त्यांस्नी आता गरम कळत न्हाय.

गुऱ्हाळ आमचं लहान, रस्त्याकडंला. ऊस दीड एकर, पर त्यो रस्त्यापासनं चारशे पावलं आत. मधी पाणंद, बैलगाडी जायाची वाट. एका अंगाला वढा, दुसऱ्या अंगाला गुंडूचं रान. गुंडूच्या अंगाला नऊ दगड रोवल्यालं, गुडघ्याएवढं, काळंभोर, माझ्या आज्ज्याच्या आदीचं. दगडाच्या अलीकडं पाणंद, पलीकडं रान. सरकारी नकाशात ह्या पाणंदीची रेघ न्हवती. वहिवाट हुती आन दगड हुतं, बास.

गुंडू म्हंजे गणपतरावाचा सख्खा पुतण्या. ब्याण्णव साली त्येनं दगडाच्या अलीकडं एक सरी ऊस लावला. पुढच्या साली आणि एक. असं करत दगड उसात बुडालं आन पाणंद तीन हात उरली. बैलगाडी जाईना. मग काय, ऊस तोडायचा, मोळी बांधायची आन डोक्यावर घिऊन चारशे पावलं चालायचं. मी, माझी बायकू शिवम्मा, आन गुऱ्हाळावर चिपाडं वाळवाय येती ती धोंडुबाई. शिवम्माची मान त्यातच गेली. आता तिला कुणी मागनं हाक मारली तर ती नुसतं डोकं फिरवत न्हाय, अख्खी फिरती.

गणपतराव पंचायत समितीचा मेंबर. तीन येळा निवडून आलेला, पंधरा वर्सं. पांढरं धोतर, काखंत कागदाची पिशवी. तहसीलला कुठला क्लार्क कुठल्या टेबलावर बसतो, कुठला कागद कुठनं कुठं जातो, समदं तोंडपाठ. छ्याण्णव साली मी त्येच्या दारात गेलो. त्यो सोप्यात झोपाळ्यावर, मी पायरीवर, चपला हातात.

"आण्णा, तुमच्या पुतण्यानं पाणंद खाल्ली की वं."

"पुतण्या असला म्हणून काय झालं? न्याय म्हंजे न्याय," आण्णा म्हणाला. लगेच कागद काढला आन सोताच्या हातानं अर्ज लिहिला. मोत्यागत अक्षर. मला वाचून दाखवला, 'सदर पाणंदीचे पूर्वेस नऊ दगड रोवलेले असून...' माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो. "आता कागद चालला, प्रभुलिंगा. तू निर्धास्त ऱ्हा."

अकरा वर्सं कागद चालला.

दर म्हैन्याला मी जायाचा. मोकळ्या हातानं जाववत न्हवतं म्हणून काकवीची कळशी न्यायचो. आण्णा चार माणसांत बोट बुडवून चाखायचा आन तोंड वाकडं करायचा. "औंदा जरा करपली काय रं?" तीस वर्सांत माझं एक आधण, रसाची एक कायल, करपल्यालं न्हाय. लोक हसायचे. मीबी हसायचो, काय करणार, अडलेला माणूस. कळशी मातर रिकामीच माघारी यायची.

त्येबी गिळलं असतं. पर दोन हजार चारच्या भादव्यात माझी आव्वा, माझी आई, गेली.

आम्ही लिंगायत. आमच्यात मढं जाळत न्हाईत, आन आडवंबी नेत न्हाईत. आंघोळ घालून, ईभूत लावून, बसवतात. विमान करतात, बांबूचं, केळीचं खांब लावून, फुलं बांधून, आन त्यात बसवून वाजतगाजत नेतात. जिवंत माणूस गाडीत बसून जावा तसं. आप्पाची समाधी आमच्याच उसाच्या कोपऱ्यात. त्येच्या शेजारी जागा आव्वानं सोताच दाखवून ठेवलेली. "मला हितं ठेव रं, हितनं सगळं रान दिसतं," म्हणायची.

विमान पाणंदीच्या तोंडाला आलं आन थांबलं. चार खांदेकरी तीन हातात कसं मावणार? गुंडूच्या उसाच्या दोन सऱ्या वाकवल्या असत्या तर झालं असतं. गुंडू बांधावर उभा, हातात कोयता. म्हणाला, "एक कांडं मोडलं तर बघा." मी आण्णाकडं बघितलं. त्यो मैताला आलेला, टोपी काढून हातात धरलेली. म्हणाला, "प्रभुलिंगा, आज वाद नको. कागद चाललाय. नियमानं जाऊया."

मग आम्ही आव्वाला विमानातनं उतरवली. मी खाकंत हात घातलं, पिराळ गावच्या एका पावण्यानं पाय धरलं. बसून आखडलेली ती, तिला नीट धरताबी येईना. मोळी नेतो तशी नेली. एका ठिकाणी पाय घसरला आन तिचं डोकं उसाच्या पाल्यात घासलं, कपाळावरची ईभूत पुसली. मागनं पाठीला हात लावून चाललेली शिवम्मा रडत न्हवती, शिव्या देत हुती, कानडीत, एकसारख्या.

समाधीवर माती लोटताना मी आव्वाला म्हटलं, ह्या म्हाताऱ्याची मान खाली घातल्याबिगर मी ऱ्हात न्हाय.

दोन हजार सातला इलेक्शन लागलं. आण्णाच्या समोर उभा ऱ्हायला पिराजी.

पिराजी शेजारच्या गावचा, ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. पर नुसता ड्रायव्हर न्हवं. जत्रंत ट्रॅक्टर उलटा मारायच्या शर्यती असत्यात बगा. मागं दोन-दोन ट्रॉल्या जोडायच्या आन रिव्हर्स गिअरमधी चुन्याच्या रेघांतनं न्यायच्या. एक ट्रॉली उलटी नेणं मुश्किल, दोन तर एकमेकीला दुमडत्यात. हा बाबा मान मागं वळवून, एका हातानं स्टेरिंग धरून, दुसऱ्या हातानं मिशीला पीळ देत दोन ट्रॉल्या सरळ न्यायचा. गारगोटीपासनं निपाणीपतुर कुठल्या जत्रंत त्येनं नंबर सोडला न्हाय. दंड हे एवढं. ट्रॉलीचा हूक एकटा उचलायचा. चौकाचौकात त्येचं फ्लेक्स, काळा गॉगल, खाली 'रिव्हर्सचा बादशा'. लोक वहीवर, शर्टावर त्येच्या सह्या घ्यायचं. सहीबी कशी, नावाखाली ट्रॉलीच्या चाकागत दोन गोल.

शिवम्मा म्हणाली, "त्येला काय येतं वं?"

"रिव्हर्स येतो," म्हटलं.

"थट्टा नको. अर्ज लिवाय येतो काय? तहसीलात कुणाला वळखतो काय?"

धोंडुबाई चिपाडं पसरता पसरता म्हणाली, "गणपतरावाला समदं येतंय की गं अक्का. त्येला येतंय म्हणूनच तर आपलं वाटूळं झालं. न येणारा तरी बरा, फशवायलाबी येणार न्हाय त्येला."

"आन तुमचं काय?" शिवम्मा अख्खी वळून माझ्याकडं बघाय लागली. "उद्या मी पिराजीला कायलीवर उभा करू? दंड जाड हाईत की त्येचं. उतरील आधण."

खरं हुतं तिचं. कायलीला मी माझ्या सख्ख्या भावालाबी हात लावू दिला नसता. पर माझ्या डोक्यात आव्वाचं पुसलेलं कपाळ हुतं. मी म्हटलं, "शिवम्मा, मला काम करणारा माणूस नकोच हाय. मला त्या म्हाताऱ्याला पडलेला बघायचा हाय. आन त्येला पाडायची ताकद ह्या भागात दुसऱ्या कुणात हाय काय, सांग."

ती धोंडुबाईसंगं चिपाडं पसराय लागली. पर पटलं न्हवतं तिला.

मी पिराजीकडं गेलो. त्येनं मला खुर्ची दिली. अकरा वर्सांत मला कुणा पुढाऱ्यानं खुर्ची दिली न्हवती. मी आव्वाचं सांगितलं. त्यो गॉगल काढून ऐकत बसला, आन खरंच त्येचं डोळं भरलं. म्हणाला, "मामा, परवा येतो. तुमच्या पाणंदीतनं दोन ट्रॉल्या उलट्या घालतो. बघू कुठला गुंडू आडवा येतो."

त्यो आदल्या दिशी पाणंद बघाय आला. उसात शिरून फिरला आन म्हणाला, "मामा, ह्ये दगड काढा. टायर फाटंल माझं. आन ट्रॉली दुमडली तर लोक हसतील."

शिवम्मा म्हणाली, "दगड ऱ्हाऊ देत. अर्जात दगड लिवल्यात."

"आगं, पाणंदच मोकळी हुणार हाय, मग दगड कशाला?" मी म्हटलं.

"मी काय अडाणी, पर दगड काढू नका एवढं कळतंय मला."

मी ऐकलं न्हाय. पहार घेतली. हातभर आत गाडलेले दगड, एकेकाला तासतासभर लागला. हाताला फोड आलं, फुटलं. पर आडवा पडणारा एकेक दगड म्हंजे मला गणपतराव वाटायचा. मोठ्यांदा म्हणायचो, "पड, आण्णा, पड." धोंडुबाई हसून हसून बेजार.

दुसऱ्या दिशी आख्खं गाव वढ्याच्या पलीकडं उभं. हलगी लावलेली. पिराजी आला, ट्रॅक्टरच्या मडगार्डला झेंडू, मागं दोन ट्रॉल्या. पाणंदीच्या तोंडाला वळवला आन रिव्हर्स टाकला. गुंडू बांधावर कोयता घिऊन उभा हुता. मागनं येणारी ट्रॉली बघून मागं सरकला, आणि सरकला, आन शेवटाला उसात पळाला. दोन्ही ट्रॉल्या सुतात, गुंडूचा ऊस कडाकडा मोडत, दहा मिंटात चारशे पावलं. माझ्या उसापाशी गेला, पिराजी खाली उतरला, आव्वाच्या समाधीला हात लावला. बायका रडाय लागल्या. मीबी हंबरडा फोडला. अकरा वर्सांचं काम दहा मिंटात! त्या टायमाला पिराजीनं जीव मागितला असता तर दिला असता, मताचं काय घिऊन बसलाय.

गणपतराव रस्त्यावर उभा राहून बघत हुता. पिशवी काखंत.

त्याच आठवड्यात आमच्या कायलीखालच्या चुलवाणाचं तोंड ढासळलं. आतला जाळ, इस्तू बाहेर याय लागला. बांधावर नऊ दगड पडलेलेच हुते, चांगले टणक. मी बैलगाडीतनं, आता गाडी जात हुती ना, त्ये आणलं, छिन्नीनं फोडून चुलवाणाच्या तोंडाला बसवलं आन वर मातीचा लेप दिला. दिवसाला चार आधणं निघायची. माझ्या जल्मात एवढा गूळ झाला न्हवता.

पिराजी दणकून निवडून आला. गणपतरावाला सोताच्या गल्लीतबी मतं पडली न्हाईत. तवा मी रवा फोडला, त्ये आदी सांगितलंच. एक खडा कागदात बांधून आण्णाच्या घरी पाठवून दिला. उगंच काकवी करपल्याली म्हणायला नको, म्हणून चिठ्ठीबी घातली, 'गोड हाय, खावा.'

बराबर ईस दिवसानं तहसीलचं पत्र आलं. माझ्या छ्याण्णवच्या अर्जावर सर्कलसाहेब पाणंद बघाय येणार, पंचनामा हुणार. अकरा वर्सं न हललेला कागद ईस दिवसात हलला. कुणी हलवला? तहसीलात कुठला क्लार्क कुठल्या टेबलावर बसतो, त्ये पिराजीला ठाऊक न्हवतं.

पत्र वाचलं तवा मला काय कळलंच न्हाय. उलट वाटलं, चला, शेवटाला न्याय. शिवम्मानं पत्र हातात घेतलं, तिला वाचाय येत न्हाय, तरी बराच येळ बघत बसली. मग चुलवाणाकडं बघितलं. तवा मला अर्जातलं नऊ दगड आठवलं.

सर्कल आला, तलाठी आला. गुंडूनं तवर मोडक्या उसाचं खोडवं काढून, नांगरून, पाणंदीत सऱ्या सोडल्याल्या. मी अडवाय गेलतो तर म्हणाला, "सर्कल येऊ दे. काय हाय त्ये कागदावर हुईल." मी पिराजीला फोन लावलेला, त्यो चिकोडीकडं शर्यतीत हुता. म्हणाला, "मामा, पंचनाम्याला हजर ऱ्हातो, भिऊ नका." आन आला बिचारा, गॉगल लावून, येळंवर.

गणपतरावबी आलता. गावकरी म्हणून, म्हणाला.

सर्कलनं अर्ज उघडला. आण्णाच्याच मोत्यागत अक्षरातला. "पूर्वेस नऊ दगड रोवलेले असून. कुठं आहेत दगड?"

त्येनं ताज्या सऱ्यांवरनं नजर फिरवली.

"साहेब, दगड हुतं," मी म्हटलं. "समद्या गावानं बघितल्यात."

"होते ते मी कसं लिहू? आहेत ते दाखवा."

मी त्येला गुऱ्हाळावर नेलं. इस्तू इझलेला, राख गरमच हुती. मी गुडघ्यावर बसलो, लेप खरवडला, आत हात घातला आन एक दगड वढून काढला. माझ्या बोटांस्नी गरम कळत न्हाय म्हणालो ना, तळव्याला कळलं. दगड हातातच तुकडं तुकडं झाला. जाळानं भाजून ठिसूळ झालेला. सर्कल नाकाला रुमाल लावून म्हणाला, "हा चुलीतला दगड झाला. हा कुठलाही असेल."

"पिराजी, सांग की रं!" मी वरडलो.

पिराजी पुढं झाला. "साहेब, मामा खरं बोलतोय. मी सोता ट्रॅक्टर घातलाय हितनं."

"दगड कुणी काढले?"

"मीच काढा म्हणालो की! टायर फाटला असता."

सर्कल हसला. तलाठीबी. त्यांनी पंचनामा लिहिला आन वाचायला पिराजीच्या हातात दिला. "मेंबरसाहेब, हजर होता म्हणून तुमची सही." पिराजीनं कागद वरखाली बघितला. समद्या गावाच्या समोर, वाचत बसला असता तर कसं दिसलं असतं? त्येनं खिसं चाचपलं, पेन न्हवतं. गणपतरावानं सोताचं पेन काढून टोपण उघडून दिलं. पिराजीनं सही केली. नावाखाली दोन गोल.

मग तलाठ्यानं मोठ्यांदा वाचलं, 'जागेवर पाणंदीची अगर वहिवाटीची कोणतीही खूण आढळून आली नाही.'

पिराजीच्या तोंडाचा रंग उडाला. "मामा, मी... परत ट्रॅक्टर घालू काय?" त्येचा राग येईना मला. त्यो खोटा न्हवता. त्येला जे येत हुतं त्ये त्येनं केलतं.

मंडळी पांगली. गणपतराव माझ्यापाशी आला, पेन खिशाला लावत. हळू बोलला, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार न्हाय असं.

"गुंडू दरसाल म्हणायचा, आण्णा, दगड उपसून वढ्यात टाकतो. मी एकदाबी हात लावू दिला न्हाय."

"का?"

"दगड हुतं तवर तू माझ्या दारात येत हुतास."

माझ्या हातात दगडाचा तुकडा हुता. वाटलं, घालावा टाळक्यात. घातलाबी असता. शिवम्मानं मागनं माझं मनगाट धरलं. गणपतराव धोतराचा सोगा उचलून राख चुकवत गेला. जाता जाता वाफ्यातल्या गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला आन म्हणाला, "हं. बरा झालाय."

पाणंद गेली. दुसऱ्या दिवशीपासनं परत मोळ्या. आता तीन हातबी न्हाईत, वढ्यातनं जातो, मांडीएवढ्या पाण्यातनं. आव्वाच्या समाधीला जायचं तर गुंडूला इचारून जायचं.

पुढचं इलेक्शन आलं तवा गणपतराव परत पिराजीच्या समोर उभा ऱ्हायला. गुऱ्हाळाच्या दारात आला, हात जोडून. शिवम्मानं त्येला चहा दिला. मी आत मोळी उतरवत हुतो. त्यो म्हणाला, "प्रभुलिंगा, आता तरी कळलं असंल, अनुभवाची किंमत काय असती ती."

"कळली, आण्णा," मी म्हटलं. "चांगली कळली."

शिवम्मा अख्खी वळली आन माझ्याकडं बघाय लागली.

मतदानाच्या दिशी मी रानातनं तसाच, वढ्यातनं भिजत गेलो आन शिक्का पिराजीवरच मारला. भाईर आलो तर शिवम्मा उभी. तिला दगड काढू नका म्हणायची अक्कल हुती, मला न्हवती, म्हणून म्हटलं हिनं तरी शानपणानं आण्णावर मारला असंल.

"कुणावर मारलास?" इचारलं.

"तुमची आव्वा मी धरली हुती की मागनं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणावर मारणार?"